खोक्याला ठेवलेली फट

आमच्या सोनालीनं वर्षभर उसाचं प्रोटीन काढलं. चलथाणकडच्या शेतातून रोगट ऊस आणायचा, कुटायचा, गाळायचा, फिरवायचा आणि शेवटी नखाएवढ्या नळ्यांत चिमूटभर काहीतरी उरायचं. त्याच्यासाठी एवढा खटाटोप! आता त्या नळ्या पुण्याला मोठ्या मशीनवर जायच्या होत्या. वाटेत वितळल्या तर सगळं मुसळ केरात. दुसऱ्यांदा करायला तो ऊसच राहिला नव्हता, साखर होऊन लोकांच्या चहात गेला होता.

कुरियरचं ऑफिस डिंडोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, म्हणून पोरीनं खोकं घरी आणलं. आणलं ते आणलं, वर मलाच दम! "मम्मी, लांब उभी राहा. तुझा एक केस पडला तर मशीन उसाऐवजी तुझंच प्रोटीन दाखवेल." घ्या! माझ्याच घरात मी दारात उभी.

आमचे हे मात्र खुशीत. उभा जन्म कापड मार्केटात साड्यांची पार्सलं बांधण्यात गेला. पोरगी शिकत गेली तशी त्यांना काही विचारेनाशी झाली होती. आज तिनं सकाळी स्कूटरवरून ड्राय आइस आणायला सांगितला, तेवढ्यानं स्वारी फुगली.

सोनालीनं थर्माकोलच्या खोक्यात नळ्या ठेवल्या, बर्फ भरला, झाकण लावलं आणि आतल्या खोलीत कुरियरचा फॉर्म भरायला गेली. तेवढ्यात यांनी टेप काढली. आडवी, उभी, परत आडवी. वरून प्लास्टिक, त्यावर गोणपाट, आणि दाभणानं शिवलंसुद्धा.

"माझं पार्सल गुवाहाटीला जातं," मला म्हणाले, "घडी हलत नाही."

थोड्या वेळानं खोकं कुरकुरायला लागलं. मी म्हटलं, "अहो, उंदीर शिरला का?" गोणपाट टरारून फुगलं होतं. सोनाली धावत आली आणि तिनं कात्रीनं सगळी शिवण उसवली. झाकण फट्‌कन उडालं आणि पांढरा धूर!

"पप्पा! हा बर्फ वितळत नाही, त्याचा गॅस होतो. त्याला बाहेर पडायला जागा लागते! विचारायचं तरी! तुम्हाला यातलं काय कळतं?"

नळ्या गारठलेल्याच होत्या, देवाची कृपा. पण यांचं तोंड बघवेना. मला पोरीचा असा राग आला की बस! पण खरं तिचंच होतं.

"आते काय करानं?" हे हळूच गावच्या बोलीत म्हणाले, आता काय करायचं म्हणून.

सोनालीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग टेप त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच लावा. फक्त इथं फट सोडा."

"केवढी?"

"बोटाचं टोक जाईल एवढी."

फट सोडताना त्यांनी तीनदा बोट घालून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच सोडत होते ना!

तिघं ऑफिसात गेलो. तिथल्या गुजराती कुरियरवाल्यानं खोकं उलटसुलट पाहिलं. "राघोभाई, तमे आवुं पॅकिंग करो छो? बराबर बंद करो." आणि हातात टेप घेतली. सोनाली तोंड उघडणार, तोच हे काउंटरवर आडवे झाले.

"हात नहीं लगावानो! अंदर गॅस थाय छे. बंद करशो तो फाटशे. अमारुं प्रोटीन छे!"

घंटाभरापूर्वी या माणसाला काय माहीत होतं? पण तोरा असा, की जसं यांनीच ड्राय आइस शोधून काढला. रांगेतली माणसं हसली. सोनाली नाही हसली. ती यांच्याकडे बघतच राहिली. शेवटी कुरियरवाल्यानं साहेबाला फोन लावला, आणि खोकं तसंच गेलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून निरोप आला, नळ्या गोठलेल्याच पोचल्या. सोनालीनं पहिला फोन कुणाला लावावा? तिच्या सरांना नाही. मार्केटात, बापाला.

संध्याकाळी हे घरी आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "सोने, आपलं मशीनवर कधी चढवतील?"

पोरगी शेजारी बसली आणि सगळं समजावू लागली. हे मान हलवत होते, काय कळलं ते देव जाणे. ताटातली भाकरी गार होत होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी त्यांना जेवा म्हटलंच नाही.