सार्थकच्या गाडीतला शेवटचा आवाज

सार्थक उतेकरने साखरपुडा मोडताना कारण सांगितलं असतं, तर मी त्याला केव्हाच विसरले असते. मुलगी काळी आहे म्हणाला असता, तोंडाळ आहे म्हणाला असता, तरी चाललं असतं. तोंडाळ तर मी आहेच. पण त्याच्या गावी, कापड्याच्या देवळात, गावकी बसलेली असताना तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मुलीत काहीतरी आहे. मी ते बोलून दाखवणार नाही."

लोकांनी त्याचंच कौतुक केलं. मुंबईत वाढलेला पोरगा, पण किती समजूतदार, मुलीची अब्रू झाकली म्हणे. आणि त्या दिवसापासून अख्खा पोलादपूर तालुका माझ्यातलं ते 'काहीतरी' शोधायला लागला. कुणी माझी चाल बघायचं, कुणी मला फिट येते का म्हणून आईला आडून विचारायचं. एका मुलाच्या आईने तर मला समोर बसवून सुईत दोरा ओवायला लावला. मी महाडात गाड्यांच्या सीटा शिवते. तिच्या डोळ्यांदेखत दोरा ओवला, तरी ते स्थळ परत आलं नाही. साखरपुडा मोडण्याचं खरं कारण मला पुढे कळलं: सार्थकच्या ऑफिसातली एक मुलगी त्याला आवडली होती. तिने पुढे त्याला नकार दिला, पण त्याचा मला काय उपयोग?

आमचं कुशनचं दुकान महाडला हायवेच्या कडेला आहे. आबांचे गुडघे गेल्यापासून मीच चालवते. सीट, छत, दरवाजाच्या आतली अस्तरं, सगळं. शेजारी अश्वजितचं गॅरेज, तो पत्र्याचं काम करतो. यंदा शिमग्याच्या आधी त्याच्याकडे एक लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार आली. वीसेक वर्षं जुनी, पण देखणी. नुसती उभी असताना देखणी. चालू केली की भंगारवाल्याची हातगाडी चालल्यासारखा खडखडाट. मालक कोण ते मला गाडीतून उतरणारे बूट बघूनच कळलं: सार्थक.

अश्वजितने बॉनेटखालची कडक झालेली रबरं बदलली, सायलेन्सरवरचा सुटा पत्रा आवळला, नंबर प्लेटीमागे रबर लावलं. मग त्याने सांगितलं की आता राहिलेत ते आतले आवाज, ते सेजलचं काम. सार्थक दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. जरा घुटमळला आणि हसून म्हणाला, "जुनं काही मनात नाही ना ठेवलंस?"

मी नाही म्हणाले. खूप राग आला की माझा आवाज फार गोड होतो, हे घरच्यांना माहीत आहे, त्याला नव्हतं.

पहिल्यांदा मनात आलं ते सरळच होतं: दरवाजाच्या आत दोऱ्याला एक नट टांगून ठेवावा, दोरा झिजला की आयुष्यभर वाजत राहील. पण तो अश्वजितला एका दिवसात सापडला असता आणि नाव माझं खराब झालं असतं. शिवाय आपल्या हातचं काम आपणच नासवायचं, हे माझ्या जिवावर येतं. म्हणून मी ठरवलं, काम असं करायचं की त्याला बोट ठेवायला जागा उरू नये.

दोन्ही दरवाजांची अस्तरं काढली. आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा अर्ध्या मोडलेल्या, त्या नव्या बसवल्या. काचेच्या पट्टीखाली लोकरीची पट्टी दिली. डॅशबोर्ड जिथे पत्र्याला घासत होता तिथे फोम भरला. मग गाडी रस्त्यावर काढली. आता हायवे सिमेंटचा झालाय, त्यावर कुठलीच गाडी आपलं दुखणं सांगत नाही. त्यासाठी पोलादपूरहून कापड्याकडे जाणारा घाटाचा रस्ता बरा.

आवाज शोधायची आमची एक रीत आहे. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने तळहाताने पत्रा, अस्तर, खांब दाबत जायचं. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे दुखणं. दोघांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. मी चालवत होते. सार्थक वाकडा होऊन, कान डॅशबोर्डला लावून बसला होता. तोंड उघडलं की मी त्याला गप्प करायचे. त्याच्याच गावातून, त्याच्याच गाडीत, त्याला तसा गप्प बसवून नेताना मला जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे.

दुपारपर्यंत एकेक आवाज सापडला आणि मेला. परत येताना इंजिन आणि वारा, एवढंच उरलं. सार्थक लहान मुलासारखा हसत होता, एकदम नवी झाली म्हणत होता. तेव्हा मी एका वळणावर वेग कमी केला, मान जरा कलती केली आणि कपाळाला आठी घातली.

"एक राहिलाय," मी म्हणाले.

"कुठे?"

"तुमच्या डाव्या कानामागे. बारीक आहे. सगळ्यांना नाही ऐकू येत."

तो ऐकत राहिला. तिथे काही नव्हतं. माझ्या कामाची मला खात्री आहे. पण थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तो हळूच म्हणाला, "हो. येतोय." तिथेच तो माझ्या हातात आला.

त्यानंतर तो दर शनिवारी मुंबईहून यायला लागला. मी अस्तर काढायचे, बघायचे, मान हलवायचे, परत लावायचे. त्याने स्टेपनी काढून ठेवली, खिशातली सुटी नाणी आणि किल्ल्या घरी ठेवून गाडी चालवू लागला. एका मित्राला मागच्या एवढ्याशा डिकीत कोंबून घाटातून फिरवलं. त्याला उलट्या झाल्या, आवाज काही मिळाला नाही. पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपने सांगितलं की गाडीत काहीच नाही, तर हा त्यांच्याशी भांडून आला. गाडी चालवता चालवता तो मला फोन करायचा आणि फोन सीटच्या मागे धरून विचारायचा, आता आला का? मी चहा पीत पीत ऐकायचे आणि म्हणायचे, आता जरा वाढलाय. खोटं कशाला बोलू, कित्येक वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं.

हे सगळं मी गंमत म्हणून कितीही दिवस चालवलं असतं. पण त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला, राजनंदिनीला, दासगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, दोघांची पसंती झालेली. मुलाची आत्या रंगूबाई बोलणी करायला आल्या आणि निघताना चपला घालता घालता त्यांनी आईला विचारलं की थोरलीचा साखरपुडा मोडला होता, तिच्यात काहीतरी होतं म्हणतात, ते धाकटीत तर नाही ना? राजनंदिनी दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती जेवली नाही, माझ्याशी बोललीही नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी सार्थक आला तेव्हा मी अस्तराला हातच लावला नाही. त्याला सांगितलं की आवाज काढून देते, पण त्याआधी तुम्ही माझ्यामागे लावलेला एक तुम्हीच काढायचाय. आमच्याकडे गावकीत बोललेला शब्द घरी बसून मागे घेता येत नाही. ज्या देवळात बोललात तिथेच, गावकीपुढे नारळ ठेवून तो परत घ्यावा लागतो. तो संतापला. माझी इज्जत काय राहील म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, गाडी घेऊन जा.

तो गाडी घेऊन गेला. पण आठवडाभरातच त्याचा फोन आला. आवाज आता उजव्या बाजूलाही यायला लागला होता.

शिमग्याची पालखी देवळात परतल्यावर रविवारी सकाळी गावकीची बैठक बसली. मी मुद्दाम रंगूबाईंना दासगावहून बोलावून घेतलं आणि बायकांच्या पुढच्या रांगेत बसवलं. सार्थकने नारळ ठेवला. मान वर न करता, पण ऐकू जाईल असं तो म्हणाला, "सेजलमध्ये काहीच खोट नव्हती. माझं दुसरीकडे मन होतं. मी खोटं बोललो."

मग गावकीचे म्हातारे हैबती उतेकर, म्हणजे त्याचेच चुलते, म्हणाले, "झाला. शबूद परत घेतलान. आता कुनी काय बोलायचा नाय." नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. आई रडत होती. इतक्या वर्षांनी मी त्या देवळात पाठ सरळ करून बसले होते.

मी बाहेर आले तेव्हा रंगूबाई माझ्या मागोमाग आल्या. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. धाकटीचं आम्ही करतोय, ते नक्की झालं, असं त्यांनी आधी सांगितलं. बाई मनाने वाईट नाही. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"त्यानं सांगितलंन ता बरा केलान. पन उगाच कुनी साखरपुडा मोडत नाय गो. मना तरी सांग, काय व्हता?"

बोलून उपयोग नव्हता. त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं, नुसती माया आणि उत्सुकता होती. मला कळून चुकलं की मी म्हातारी होईपर्यंत हाच प्रश्न मला इतक्याच मायेने विचारला जाणार आहे. मी हात सोडवून घेतला.

देवळाच्या आवारात सार्थक गाडीला टेकून उभा होता. बैठकीतली माणसं बाहेर येऊन त्याच्याकडे बघत होती. सकाळी घरून निघताना मी ठरवलं होतं की तो बोलला की त्याला खरं सांगून टाकायचं, आवाज नव्हताच कधी, जा सुखाने. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की त्याने त्याचं केलं, आता मी सांगावं, कुठे आहे तो.

मी गाडीत जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि त्याला बाहेरून गाडी हलवायला सांगितली. त्याने दोन्ही हात छतावर ठेवले आणि अख्ख्या गावकीसमोर गाडी हलवायला लागला. मी डोळे मिटून ऐकलं. कुठे काही वाजत नव्हतं. काम मी खरोखर चोख केलं होतं.

मी काच खाली केली.

"आहे अजून," मी म्हणाले. "तुम्ही हलवत राहा."