मेजरची सोयरीक

आमच्या घरात वंशावळ आहे ती फक्त कुत्र्याला. सासऱ्यांना, म्हणजे तात्याराव मामांना, त्यांच्या पणजोबाचं नाव विचारा, ते डोकं खाजवतील. पण मेजरच्या पणजोबाचं नाव माझ्या नवऱ्याला, सिद्धोधन सरांना, तोंडपाठ आहे. मेजर जर्मन शेफर्ड. ‘ओरिजनल.’ पाथरीत दूध ओरिजनल मिळत नाही, खत मिळत नाही, बियाणं मिळत नाही. आमच्या सरांना एक कुत्रा तेवढा ओरिजनल मिळाला.

“आरं, छप्पन साली माझ्या बापानं जात टाकली,” मेजर घरात आला त्याच दिवशी मामा म्हणाले होते, “अन् तू कुत्र्याची जात हुडकायलास?”

“तात्या, जात येगळी अन् ब्रीड येगळी.”

“मला सांगा ना काय वेगळं ते,” मी भाकरी थापता थापता म्हणाले. सर विज्ञान शिकवतात, दहावीला. अजून सांगतायत.

मेजरला पहिली फिट आली ती अंगणात, भर दुपारी. उभा होता तो धाडकन आडवा झाला, पाय झाडायला लागला, तोंडाला फेस. मामा चप्पल घेऊन धावले, नाकाला लावायला. शेजारचा चंद्रभान काठी घेऊन आला. “पिसाळलं! लांब व्हा, पिसाळलं!” सर नुसतेच ओरडत होते आणि मी सरांवर ओरडत होते. डोकं ठिकाणावर होतं ते एकटीचं, माझ्या नणंदेचं. लीलानं चंद्रभानच्या हातातली काठी काढून घेतली, मामांची चप्पल फेकून दिली आणि मेजरच्या जवळची बाज ओढून लांब केली.

“त्याला धरू नका. डोक्याला काही लागू देऊ नका, बास. आपोआप थांबती.”

थांबली. मेजर उठला आणि आम्हाला ओळखत नसल्यासारखा भिंतीला धडका देत फिरला. लीला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “वहिनी, ही मपलीच फिट हाय.”

लीलाला लहानपणापासून फिट येते. गोळी चालू असली की वर्ष वर्ष काही होत नाही. तिचं लग्न पालमला करून दिलं तेव्हा सासरच्यांना हे सांगितलं नव्हतं. गोळ्यासुद्धा सोबत दिल्या नाहीत, कुणी बघितल्या तर? “लग्न झालं की फिट जाती,” असं तेव्हा माझे पतिदेव म्हणाले होते. विज्ञानाचे शिक्षक! मी त्या वेळी नवी नवरी, माझं कोण ऐकतं? पोरगी सासरी चुलीपुढं पडली, हात भाजला आणि ‘फसवलं आम्हाला’ म्हणत त्यांनी तिला आणून सोडली. भाजल्याचा डाग अजून मनगटापासून कोपरापर्यंत आहे.

मेजरला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ते ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, याच्या आई-बापांबद्दल काही माहिती आहे का?

सरांची छाती फुगली. “मॅडम, आईकडचा आजोबा अन् बापाकडचा आजोबा एकच. चॅम्पियन होता.”

बाई सरांकडे बघतच राहिल्या. “म्हणजे जे काही वाईट होतं तेही दोन्हीकडून आलं. शुद्ध ठेवायच्या नादात घरातल्या घरातच जोड्या लावतात आणि हा असा मेंदूचा आजार पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. शंभर टक्के सांगता येत नाही, पण या जातीत, या वयात, मला तीच शंका आहे. गोळी सकाळ-संध्याकाळ, कायमची. आणि याच्यापासून पिल्लं घेऊ नका.”

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, “तिला काय कळतंय? उन्हानं झालं असंल.”

मी गप्प बसणारी नाही. मेजर जिथून आणला तिथूनच त्याची सख्खी बहीण नांदेडच्या एका माणसाकडे गेली होती. मी त्याला फोन लावला. “येती की फिट,” तो म्हणाला, “पण ताई, कुणाला बोलू नका. पिल्लं द्यायचीत अजून.” मी फोन सरांच्या हातात दिला. सरांनी ऐकलं, फोन ठेवला आणि पेपर तपासायला बसले. पेपर कशाचे होते ते विचारू नका. आनुवंशिकतेचेच होते. पोरांनी चूक केली की लाल गोल.

गोळ्यांचं काम लीलानं आपणहून घेतलं. तिची आणि मेजरची गोळी एकाच नावाची निघाली, ताकद तेवढी वेगळी. फडताळात दोघांच्या डब्या शेजारी शेजारी. भाकरीच्या घासात त्याची, पाण्यासोबत तिची.

आणि अशात वालूरच्या दत्तरावांचा फोन आला. दत्तरावांची राणी जर्मन शेफर्ड, राणी माजावर आलेली, आणि सर त्यांना वर्षापूर्वी शब्द देऊन बसलेले. रीत ठरलेली: पहिल्या वेतातलं पहिलं पिल्लू, पसंतीचं, नराच्या मालकाला.

“त्यांना सांगणार ना?” मी विचारलं.

“काय सांगायचं? एकदा जोडी लागली की फिट जाती.”

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. लीला तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

रविवारी सकाळी दत्तराव आले. राणी जीपमध्ये, खिडकीतून तोंड काढून. सरांनी मला पोहे करायला लावले. कुत्र्याच्या सोयरिकीला पोहे! वर लिंबू पिळून, खोबरं घालून. पोरगा बघायला आल्यासारखे दत्तराव मेजरभोवती फिरले. उंची बघितली, दात बघितले, चाल बघितली.

“खानदान कसं हाय, सर?”

“एक नंबर! दोन्हीकडून चॅम्पियन.”

“आमची राणी म्हंजे पोरच हाय घरातली. आमची ही तर तिच्या पिल्लांची नावं ठिवून बसलीय. तब्येतीचं काही न्हाई ना?”

“ठणठणीत! बघा की तुमीच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहाचा ट्रे घेऊन पुढं झाले. “दत्तराव भाऊ, एक सांगायचं होतं—”

“अगं, साखर कमी पडली बघ चहात,” सर म्हणाले. कपाला अजून कुणी हात लावला नव्हता.

मामा कोपऱ्यात बसून छताकडे बघत होते. दत्तराव उठले. “चला मग, राणीला उतरवतो.”

तेवढ्यात लीला आतून आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात दोन्ही डब्या आणि भाकरीचा तुकडा. पाहुण्यांसमोर ती कधी येत नाही. आली ती सरळ मधोमध येऊन बसली. एक गोळी तिनं स्वतःच्या तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. दुसरी भाकरीच्या घासात दाबून मेजरच्या पुढं धरली.

“लीला, आत जा,” सर म्हणाले.

“टाइम झाला, दादा. चुकवायची न्हाई म्हणलीत डॉक्टर.” मग ती दत्तरावांकडे वळली. “भाऊ, मला फिट येती. ह्यालाबी येती. माझ्यापसून कुणाला लागत न्हाई, अन् माझे डॉक्टर म्हणले सगळं सांगून केलं तर माझ्या लग्नालाबी हरकत नव्हती. ह्याचं तसं न्हाई. ह्याच्या बहिणीलाबी येती, पिल्लांनाबी येईल. न सांगता सोयरीक केली की काय होतं ते हे बघा.” आणि तिनं बाही वर सारून हात पुढं केला.

दत्तरावांनी तो हात बघितला, मग सरांकडे बघितलं.

“सर, तुमी मास्तर हाव. तुमी तरी सांगायचं ना,” एवढंच म्हणाले. लीलाला हात जोडले, चपला घातल्या आणि जीप वळवली. राणी खिडकीतून मागं बघत गेली.

पोहे तसेच राहिले. सर भडकले होते. चेहरा लाल, आवाज चढलेला. “झालं समाधान? वर्षाचा शब्द होता माझा! तुझ्यामुळं सोयरीक मोडली.”

लीला डब्यांची झाकणं लावत होती. एक झाकण बसेना, म्हणून तिनं ते पुन्हा फिरवून बसवलं.

“माझीबी कुणी अशीच मोडली असती, दादा,” ती म्हणाली, “तर लय बरं झालं असतं.”

मी सरांवर वर्षानुवर्षं ओरडत आलेय. त्यानं कधी काही फरक पडला नव्हता. ते खाली बसले, मेजरच्या शेजारी जमिनीवरच. मग त्यांनी लीलाकडे हात पसरला.

“संध्याकाळची गोळी मी देतो,” ते म्हणाले. “दोघांची.”

लीलानं डब्या त्यांच्या हातात दिल्या नाहीत. फडताळात जागच्या जागी ठेवल्या, आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.