खात्रीचं वजन

काटेसाहेबांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यावर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून त्यांनी माणसं धरली. दूधवाला, जावई, खालचा शिंपी, सगळ्यांत काही ना काही खोट निघे. खोट नसलेली व्यक्ती त्यांच्या मते जगात एकच होती आणि ती समोर बसून मटार सोलत असे.

त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "काका, लघवीतून प्रथिन जातंय, हृदयाचा इको करून घेऊ," तेव्हा साहेबांचे डोळे बारीक झाले.

"छातीत दुखत असतं तर समजलो असतो. तुम्ही खालून वर निघालात."

"दाब वाढलेला राहिला की बारीक रक्तवाहिन्या सगळीकडेच बिघडतात. मूत्रपिंडातल्या गळायला लागल्या की लघवीत दिसतं. हृदय मात्र काही बोलत नाही. त्याची भिंत जाड होत असते आणि माणूस म्हणतो, मी ठणठणीत."

"मी ठणठणीतच आहे."

"तेच म्हणतेय मी."

बाहेर पडताना साहेबांनी पाहिलं, तर लघवी तपासणारी लॅब दवाखान्याच्या खालीच आणि इकोवाला शेजारीच. तीन दारं, एक जिना, भिंतींना एकच रंग. कुणाचं तरी साटंलोटं असल्याशिवाय तिघांना एकच रंग आवडत नाही.

तराजूचा संशय आला की त्यावर आपल्या पिशवीतलं खात्रीचं वजन ठेवायचं, ही त्यांची जुनी रीत. सकाळी त्यांनी बायकोपुढे रिकामी बाटली ठेवली.

"अगं, यात नमुना दे."

"कशाला?"

"तपासणीचं काम आहे."

"अहो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली."

"तरी दे."

बाटली साहेबांच्या नावावर गेली. संध्याकाळी रिपोर्ट आला: प्रथिन आधीपेक्षा दुप्पट. इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर ठेवून ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "सापडलात. हा नमुना माझा नाहीच. आमच्या मंडळींचा आहे."

बाई गडबडल्या नाहीत, हे साहेबांना खटकलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"काकूंना दाब आहे?"

"होता. गोळी चालू आहे."

"घेतात?"

"चाळीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोललेली नाही."

"दम लागतो?"

"छे. जिन्यात थांबते, पण ते दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची कुंडी बघायला. तिथे दोघींचं काय शिजतं, यावर माझी नजर आहे."

"तेव्हा त्या बाई बाहेर आलेल्या असतात?"

साहेब आठवू लागले. दार नेहमी बंदच असे.

"आजच आणा काकूंना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि स्वतःची बाटली घेऊन तुम्हीही या."

काकूंचा दाब एकशे ऐंशी निघाला.

"गोळी वर्षापूर्वीच सोडली," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं वाटत होतं. ह्यांना सांगितलं असतं तर चौकशी बसली असती."

इकोत दोघांच्याही हृदयाच्या भिंती जाड दिसल्या, साहेबांच्या जराशा, काकूंच्या बऱ्याच. वेळेत कळलं, आता गोळी एक दिवसही चुकवायची नाही, मीठ कमी, आठवड्याने दाखवायला यायचं, असं बाईंनी बजावलं. तराजूत काहीच खोट निघाली नव्हती. अशा वेळी पंचनामा कसा लिहायचा, हे साहेबांना खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

घरी परतताना काकू दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, कुंडीसमोर. साहेब नेहमीसारखे पुढे गेले नाहीत. त्यांनी वाकून पाहिलं. कुंडीत सुकलेली माती होती आणि मध्ये एक वाळकी काडी.

"अगं, यात तर काहीच नाही."

"माहीत आहे," काकू कठडा धरून म्हणाल्या. "बघू द्या जरा."

साहेब शेजारी उभे राहिले आणि तेही काडीकडे बघू लागले.