आईच्या बोटांसाठी वीस एमबी

मी एक चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. माझा जन्म स्वयंपाकघरातला. धाकटीनं फोन डब्याला टेकवून ठेवला, समोर आई बसली आणि बोलू लागली. आईला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही मनगटांचं ऑपरेशन होतं, मग कित्येक आठवडे हात बांधलेले. म्हणून जहाजावर नोकरीला असलेल्या थोरल्याला जे सांगायचं, ते तिनं आधीच सांगून घेतलं. ‘जेवत जा’पासून ‘मी घाबरलेली नाही’पर्यंत.

मी झालो चारशे एमबीचा, चांगला गलेलठ्ठ. जहाजावरच्या मेलला वीसच्या वर काही झेपत नाही. धाकटीनं कुठल्याशा ॲपनं मला दाबलं, तर आईची बोटंच धुरकट झाली.

"आई तोतरी बोलतेय असं वाटतंय," लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या काकूंच्या दुकानात ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"थोडं कापू?"

"एक शब्दही नको, काकू."

"बरं. मग हिशेबानं जाऊ." काकूंनी चष्मा वर सरकवला. "वीस एमबी म्हणजे एकशेसाठ मेगाबिट. चार मिनिटांचे सेकंद दोनशे चाळीस. भागलं की सेकंदाला सहाशे साठच्या आसपास किलोबिट. थोडी जागा राखून सहाशे चाळीस धरू. एवढ्यात चित्र आणि आवाज, दोघांचं भागवायचं. आवाज काढूनच टाकते. तसाही..."

"दादाला ऐकू येतं," धाकटी घाईनं म्हणाली. "मध्ये आई हसते. तिला स्वतःला ते कधी ऐकू आलेलं नाही, पण आम्ही दोघं त्यावरच वाढलो."

काकूंनी आवाजाला बत्तीस किलोबिट दिले, उरलेलं सगळं चित्राला. ओटा गेला, भिंत गेली. चेहरा आणि हात तेवढे ठेवून चौकट लहान केली. मला दोनदा चालवलं. पहिल्यांदा हात कुठे भराभर हलतात ते कॉम्प्युटरनं नुसतं पाहून घेतलं. दुसऱ्यांदा नेमके तिथे जास्त बिट दिले आणि आई स्तब्ध बसते तिथे हात आखडता घेतला. एवढ्या मायेनं कुणी भागाकार केलेला मी तरी पाहिला नव्हता. मी एकोणीसच्या जरा वर भरलो. बोट न् बोट स्वच्छ.

आता मी थोरल्याच्या केबिनमध्ये असतो. पहिल्यांदा मला पाहताना त्यानं मध्येच थांबवून मान खाली घातली. आता रोज ड्यूटीवरून आला की मला लावतो आणि आईला हातांनीच उत्तर देतो. तिकडे ऑपरेशन नीट झालंय, पण आईचे हात अजून बांधलेलेच आहेत.

जागा कमी पडली तर त्यानं खुशाल इतर काही पुसावं. आई पुन्हा बोलू लागेपर्यंत तरी मला राहू द्यावं.