साठांतली सतरा कोरडी

तेजलच्या आयुष्यात सध्या एकच आकडा होता, साठ. अंबडच्या शेडमध्ये धातूची पावडर लेझरने थरावर थर वितळवून रॉकेट इंजिनाचा जो तांब्याएवढा कक्ष छापला जाई, त्याच्या भिंतीत साठ बारीक नळ्या होत्या. त्यांतून थंड इंधन फिरलं तरच कक्ष टिकणार, नाहीतर मेणासारखा वितळणार. तपासणी सोपी होती. एका बाजूने पाणी सोडायचं आणि दुसऱ्या बाजूची ओली तोंडं मोजायची. पहिल्या कक्षात सात तोंडं कोरडी निघाली, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात चौदा, चौथ्यात सतरा. प्रगती होती, फक्त उलट्या दिशेने.

आराखडा काढणारी एआय मात्र निवांत. दर वेळी तोंडांचे फोटो बघून ती सांगे, छपाई उत्तम आहे, आत पावडर अडकलीय, साफसफाई वाढवा. आणि छपाई एवढी छान येतेय म्हटल्यावर, वजन वाचवायला पुढच्या खेपेला नळ्या आणखी बारीक करी. तेजल तो निरोप छापलेले कक्ष साफ करणाऱ्या कारभारीकाकांना देई. काका मान डोलावत आणि साफसफाई वाढवत. तीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग घासलेला माणूस, साफसफाईला कशाला नाही म्हणेल?

शुक्रवारी सकाळी आठला गाडी येऊन कक्ष प्रत्यक्ष इंधन पेटवून तपासायला नेणार होती. नाही दिला, तर मालकीणबाई मंजुषा मॅडम हे काम त्यांच्या हैदराबादच्या शेडला देणार होत्या. तसं त्यांनी अत्यंत गोड आवाजात दोनदा सांगितलं होतं. गोड आवाजात दोनदा म्हणजे काय, एवढा हिशेब तेजलला येत होता.

म्हणून गुरुवारी ती पाळीच्या तासभर आधी, सातलाच आली. पाचवा कक्ष नुकताच निघाला होता. काका खिडकीशी चष्मा लावून बसले होते. हातात सुईएवढी कानस. एकेका तोंडावरचा धातूचा ओघळ घासून ते तोंड छान गोल करत होते.

"काका, हे दर वेळी करता?"

"फोटोच्या आधी. नायतर कसं दिसंल?"

तेजलने त्यांच्या हातातली कानस काढून घेतली. काका जरा दुखावले. पिंपळगावला त्यांच्या भावाची द्राक्षबाग होती.

"आमच्याकडं घड पेटीत भरताना खराब मणी कात्रीनं काढत्यात, ताई. तसाच कोन दाखवतं गिऱ्हाइकाला?"

"एआय गिऱ्हाईक नाही हो. तिला खराब मणीच बघायचे होते."

चाळीस तोंडं गोल झाली होती. उरलेल्या वीस तोंडांचे तिने फोटो पाठवले. मिनिटभरात उत्तर आलं. नळ्या अतिबारीक झाल्याने छपाईतच ढासळतात, रुंद करा. आधीच्या चार सल्ल्यांबद्दल चकार शब्द नाही. खाली नव्या कक्षाच्या छपाईचा वेळ होता, चौतीस तास. आत्ता बटण दाबलं तरी उद्या संध्याकाळ.

तिने बटण दाबलं आणि मॅडमना फोन लावला. खरं ते सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. गाडी कुणासाठी थांबत नाही, काम हैदराबादला जाईल, असं म्हणाल्या. तिसऱ्यांदा, तितक्याच गोड. तेजलने छपाई तरी थांबवली नाही.

"मंग आता मी काय करू?" काकांनी विचारलं.

"काहीही करू नका. उद्या निघेल तसाच माझ्या हातात द्या."

काका हात मांडीवर ठेवून बसले. अर्धा मिनिट बसले असतील. मग उठून फडकं घेतलं आणि चालू मशीनची काच पुसायला लागले.

तेवढं तेजलने चालू दिलं.