मगरीचं पित्त

मगर मेली तेव्हा तिच्या दातांत येरेमियाच्या बायकोची चप्पल अडकलेली होती. पाय नव्हता. तो गुडघ्यापासून खाली पोटात गेला होता. लिंबानीने कुऱ्हाडीचे घाव घालून घालून मगरीच्या मानेचा पार चेंदा केला, तरी शेपटी आपटतच होती, आणि एका फटक्यात तिने दोघांना चिखलात लोळवलं. येरेमिया तिच्या अंगावर चढून भाला खुपसत होता. ती थंड पडली तरी त्याचं खुपसणं थांबेना, शेवटी लोकांनी त्याला ओढून काढलं.

मग बायकोला बैलगाडीत घातलं आणि सगळं गाव गाडीमागे इस्पितळाकडे धावलं. गावप्रमुखही गेले. काठावर उरली मेलेली मगर आणि लिंबानीची थोरली बहीण तिओंगे.

तिओंगे लहान मुलांसाठी पुस्तकं लिहायची आणि त्यातली चित्रंही स्वतःच काढायची. वाळवीचं वारूळ आतून कसं असतं, बगळा मासा कसा गिळतो, असली. राहायची ब्लँटायर शहरात, पण चित्रांसाठी शिरे नदीकाठी आपल्या गावी यायची. फोटो बघून चित्र काढणं तिला चोरी वाटे. जीव समोर हवा, त्याचा वास नाकात जायला हवा. यंदाचं पुस्तक मगरीचं होतं आणि एकच पान अडलं होतं, मगरीचं पोट आतून. तेव्हा बाईसाहेबांनी काय करावं? सुरी घेतली आणि एकटीने मगर फाडली.

आता आमच्याकडे कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. मगर मारली की आधी पित्ताशय काढायचं, तेही गावप्रमुखासमोर, चारचौघांच्या डोळ्यांदेखत, आणि तिथल्या तिथे जाळून टाकायचं. त्या पित्ताचा थेंब कुणाच्या पेल्यात पडला की माणूस संपलाच, असं आम्ही मानतो. एकट्याने मगर फाडणारा म्हणजे गावातलं पुढचं मरण आपल्या नावावर लिहून घेणारा. तिओंगे इथेच वाढलेली, तिला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण पित्ताशयाचा तो हिरवा रंग उन्हात बघता बघता काळा पडतो, आणि गाव तर इस्पितळात. रंगापायी बाईची अक्कल चरायला गेली, दुसरं काय!

वर आणखी शहाणपणा असा, की ते पित्ताशय जॅमच्या बाटलीत मिठाच्या पाण्यात घालून तिने घरी आणलं. लिंबानीने बाटली बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं ए ताई, जाळ ते! आत्ताच्या आत्ता!"

"उद्या जाळते. हिरवा अजून जमला नाहीये."

"लोक आधी आपल्याला जाळतील, मग बाटलीला!"

"अरे, विष नसतं ते. अन्न पचायला लागतं. पुस्तकात लिहिलंय मी तसं."

"हो का? मग ते पुस्तक गळ्यात अडकवूनच फिरतो मी."

दुसऱ्या दिवशी येरेमिया इस्पितळातून आला. बायको जगली होती, पाय गेला होता. संध्याकाळी तो आणि लिंबानी नाम्बेवे म्हातारीच्या अंगणात तिने गाळलेली दारू प्यायला बसले. मगरीचं कातडं कुणाचं यावरून दोघांची जुंपली, गचांड्या धरून झाल्या, मग गळ्यात गळेही घालून झाले, आणि लिंबानीने आपल्या हाताने त्याचा पेला भरला. पहाटे येरेमिया "मला दिसत नाही, मला दिसत नाही" म्हणून ओरडत उठला. ऊन अंगणात यायच्या आत तो मेला.

तिओंगेने खिडकीत ठेवलेली ती बाटली तोवर कुणीतरी बघितलीच होती.

तिओंगे धावत पोचली तेव्हा लिंबानीला आंब्याच्या झाडाला बांधलं होतं. कुदळीच्या दांड्यांनी मारणं चाललं होतं. एक हात खांद्यातून निखळून लोंबत होता, कान अर्धा फाटला होता, तोंडातून रक्त आणि दात एकत्रच पडत होते. मारणारे सगळे ओळखीचे. काहींनी तर परवा त्याच्याच बरोबरीने मगरीवर घाव घातले होते.

"बाम्बो चापोला, सोडा त्याला!" ती येरेमियाच्या बापाच्या, चापोलाच्या पायांशी पडली. "बाटली माझी आहे. त्याने हातही लावला नाही!"

"तुझाही नंबर येईल, बाई," म्हातारा म्हणाला. "घाई करू नकोस." आणि त्याने दांडा पुन्हा उचलला.

दांडा लिंबानीच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला. ती उठली, घरी पळाली आणि बाटली घेऊन आली.

"सगळ्यांनी बघा!" ती किंचाळली. "यात विष असेल तर मी मरेन. मग खुशाल त्याला मारा. पण मी जगले तर त्याला सोडायचं. बोला बाम्बो, कबूल?"

चापोलाने दांडा खाली टेकवला. "पी."

तिने झाकण काढलं. पुस्तकात ते वाक्य तिने चहा पिता पिता लिहिलं होतं. आता तो वास आला आणि लहानपणी आई मगरीच्या पित्ताचं नाव घेऊन कशी दरडावायची ते सगळं आठवलं. ती भ्यायली. आपण लिहिलेलं खोटं असेल, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं. मग तिने पित्ताची पिशवी नखाने फाडली आणि पाण्यासकट सगळं घशात ओतलं.

कडू म्हणजे किती कडू! आतडी पिळून वर आली. ओकलीस तर खरं धरणार नाही, असं कुणीतरी बजावलं, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. उन्हात बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून हिरवं येत होतं. झाडाला लटकलेला लिंबानी एका उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघत पुटपुटत होता, "धर ताई, धर." लोक दगड हातात घेऊन वाट बघत होते. सावली आंब्याखालून सरकली, ती बसलीच होती.

शेवटी चापोला जवळ आला, तिची हनुवटी वर करून डोळ्यांत बघितलं.

"दिसतंय तुला?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"सोडा त्याला," तो म्हणाला.

दोर कापले. लिंबानी पोत्यासारखा खाली आला. नाम्बेवे गर्दीतून मडकं घेऊन पुढे झाली आणि त्याच्या फुटक्या ओठांवर पाणी सोडू लागली. तिओंगेला इतका आनंद झाला की तिला हसूच यायला लागलं. भाऊ जिवंत होता, आणि तिने लिहिलेलं खरं होतं.

चापोला तिथेच उभा होता. दांडा अजून हातात होता.

"पित्ताने नाही," तो सावकाश म्हणाला. "मग माझा पोरगा कशाने मेला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "दारू कुणी गाळली होती?"

नाम्बेवेच्या हातातलं मडकं थांबलं. "अरे, मी वर्षानुवर्षं गाळते," ती म्हणाली. "तुम्हीच पिता सगळे. काल तू पण प्यायलास ना रे?" ज्याला विचारलं त्याने तिच्या थोबाडीत मारली. मडकं फुटलं. केसांना धरून तिला ओढलं, तेव्हा ती वळून ओरडली, "तिओंगे! सांग ना गं यांना! तुझं ऐकतात ते!"

तिओंगेने सांगायला तोंड उघडलं. शब्द आलाच नाही, उलटी आली. गुडघ्यांवर पडून ती ओकत राहिली, आणि दर वेळी मान वर करून बोलू पाहायची तेव्हा पुन्हा उमासा यायचा. तोवर पहिला दगड बसला होता. आता तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पित्त विष नसतं, हे तिचं खरं त्यांना पटलं होतं.