दुसरा वाफा

दोन्ही वाफ्यांतल्या पालकात शिसं सारखंच निघालं: नावापुरतं. तिने प्रयोगशाळेत तपासणी पुन्हा करून पाहिली. तेच.

जमीन बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यामागची. तिथल्या भाजीत शिसं उतरतं, म्हणून नगरपालिका सगळ्या मळ्यांवर फरशी घालायला निघाली होती. मातीतले काही जिवाणू शिसं धरून ठेवतात, मुळांपर्यंत जाऊ देत नाहीत, हे तिला दाखवायचं होतं. एका वाफ्याला जिवाणूंचं पाणी, शेजारच्याला साधं. फरक दिसला तरच मळे वाचणार होते, आणि फरकाचा तर पत्ताच नव्हता.

संध्याकाळी ती मळ्यावर गेली. पाणी घालायचं काम वडिलांकडे होतं. त्यांची हयात कँटीनमध्ये वाढण्यात गेलेली. झारीसुद्धा ते डावासारखी धरत.

"बाबा, दुसऱ्या वाफ्याला साधंच पाणी घालत होतात ना?"

ते झारीच्या तोंडात अडकलेला कचरा काढू लागले.

"बाबा!"

"अगं, एकाच्या पानात वाढायचं आणि शेजारच्यापुढून भांडं तसंच पुढे न्यायचं? असला पंक्तिप्रपंच जन्मात केला नाही मी. तळाशी उरलेलं घालायचो."

"उरायचं, की उरवायचात?"

ते पुन्हा झारीचं तोंड साफ करू लागले. तिने कपाळाला हात लावला. हसूही येत होतं.

"आता नगरपालिकेच्या साहेबांना काय सांगू? जिवाणूंनी काम केलं, पण माझ्या वडिलांनी त्यांच्यावर कडी केली?"

"मागच्या वर्षी याच मातीत पालक शिशाने भरलेला होता ना? तेवढं दाखव."

मोह तिलाही झाला. पण मधल्या काळात शेणखत पडलं होतं, पाऊसही बरा झाला होता. कशाने काय घडलं, हे छातीवर हात ठेवून कुणाला सांगता आलं नसतं.

तिने साहेबांना घडलं तसं सांगितलं. ते आधी भडकले, मग म्हणाले, "एक पीक देतो. नव्या वाफ्यांवर. नंतर फरशी. आणि वडिलांना लांब ठेवा."

वडील मात्र हटून बसले. "खरकटं मी केलंय, मीच काढीन."

या खेपेला ते पहिला वाफा भिजवत, झारी नळाखाली खळखळून विसळत, पालथी घालून झटकत आणि मगच साधं पाणी भरत. दुसऱ्या वाफ्याला ते घालताना मान वळवून उभे राहत.

निकाल घेऊन ती मळ्यावर आली, तेव्हा ते दुसऱ्या वाफ्याच्या बांधावर बसले होते.

"बाबा, पहिला स्वच्छ! आणि या दुसऱ्यात शिसंच शिसं!"

"म्हणजे मळे वाचले?"

"वाचले. साहेबांनी फरशीचं काम थांबवलंय."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग आता याला वाढू का?"

तिने जिवाणूंच्या पाण्याची झारी त्यांच्या हातात दिली.